आयबीएसच्या पोटदुखीसाठी कमी डोसची अ‍ॅमिट्रिप्टिलिन: कशी सुरू करायची, कुठे चुकतं

माझ्या मेडिकलच्या काउंटरवर हे वारंवार घडतं. कुणीतरी अर्धवट पट्टी परत घेऊन येतं. तीन खण रिकामे, बाकीच्या गोळ्या तशाच. "काका, ही परत घ्या. पोटासाठी म्हणून दिली आणि नेटवर बघितलं तर डिप्रेशनची निघाली." नाहीतर, "तीन दिवस घेतली. तोंडाला नुसती कोरड पडली आणि पोट होतं तसंच दुखतंय." दोघांचंही दुखणं खरं असतं. आणि दोघांनीही औषध काम करायला लागण्याआधीच सोडून दिलेलं असतं.

या गोळीचा त्रास पहिल्या आठवड्यात जाणवतो आणि फायदा चौथ्या-सहाव्या आठवड्यात. हे एक वाक्य चिठ्ठी देताना कुणी सांगितलं नाही, की पट्टी परत येते. म्हणून हा लेख.

गोळी द्यायची की नाही आणि किती द्यायची, हे डॉक्टर ठरवतात. हे चिठ्ठीवरचं औषध आहे. शेजारच्या काकूंना लागू पडलं म्हणून त्यांच्या पट्टीतून दोन गोळ्या आणून सुरू करू नका.

डिप्रेशनची गोळी पोटाला का?

नैराश्यासाठी अ‍ॅमिट्रिप्टिलिन साधारण ७५ ते १५० मिलिग्रॅमपर्यंत द्यावी लागते. पोटासाठी ती १० पासून सुरू होते आणि सहसा ३० च्या पुढे जात नाही. इतक्या कमी डोसचा उपयोग दुखण्याचे संदेश वाहणाऱ्या मज्जातंतूंवर होतो. जेवल्यावर आतडं आवळणं, गॅस पुढे सरकणं हे सगळ्यांच्याच पोटात चालू असतं. आयबीएसमध्ये (इरिटेबल बाउल सिंड्रोम, म्हणजे आतडं अतिसंवेदनशील होऊन पोट दुखण्याचा आणि शौच बिघडण्याचा आजार) त्याचीच कळ होऊन ती मेंदूपर्यंत पोचते. ही गोळी ती कळ बोथट करते. शिवाय आतड्याची चाल थोडी मंदावते, म्हणून वारंवार जुलाब होणाऱ्यांना तिचा दुहेरी उपयोग होतो.

तेव्हा ही गोळी लिहून दिली म्हणजे "तुमचं दुखणं मनाचं आहे" असा डॉक्टरांचा निकाल नव्हे. घरच्यांनाही हे आधीच सांगून ठेवा. नाहीतर सासूबाई पट्टीवरचं नाव मोबाईलवर शोधतात आणि दुसऱ्याच चर्चेला तोंड फुटतं.

टप्पा १: निदान पक्कं आहे ना?

आयबीएस म्हणजे केवळ "पोट बिघडतं" नव्हे. गेले तीन महिने आठवड्यातून सरासरी एक दिवस तरी पोटात दुखतं, तक्रार सुरू होऊन सहा महिने झालेत, आणि शौचाला जाणं, किती वेळा जावं लागतं आणि शौच कसं होतं, या तिन्हींतल्या किमान दोन गोष्टींशी त्या दुखण्याचा संबंध आहे, असं असेल तर आयबीएस धरतात. नुसती जळजळ, आंबट ढेकर किंवा वरच्या पोटातली टोचणी हा वेगळा विषय आहे.

गोळी सुरू करण्याआधी रक्ताची साधी तपासणी, थायरॉइड, गव्हाची अ‍ॅलर्जी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सीलिअ‍ॅक आजाराची रक्तचाचणी आणि जुलाबाची तक्रार असेल तर शौचाची तपासणी, यांतलं काय काय झालं आहे ते डॉक्टरांना विचारा. आपल्याकडे जिआर्डिया (आतड्यातला एक परजीवी जंतू) आणि आतड्याचा टीबी यांनीही पोट महिनोन्‌महिने बिघडलेलं राहतं. दुधातली साखर न पचणं तर फारच सर्रास आढळतं. दूध बंद करून सुटणाऱ्या दुखण्यासाठी सहा महिने गोळी खाण्यात काय अर्थ?

इशारा: शौचातून रक्त जाणं, प्रयत्न न करता वजन उतरणं, ताप, हिमोग्लोबिन कमी होणं, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, पन्नाशीच्या आसपास पहिल्यांदाच सुरू झालेली तक्रार, घरात कुणाला आतड्याचा कॅन्सर असणं, यांतलं एक जरी असेल तरी आधी त्याचा शोध घ्यायचा. या गोळीने दुखणं दबतं आणि मूळ आजाराला वेळ मिळतो.

आणखी एक. ही दुसऱ्या पायरीवरची गोळी आहे. इसबगोल, जेवणाच्या वेळा आणि पदार्थांमधले बदल, डायसायक्लोमिन किंवा मेबेव्हरिनसारख्या मुरडा कमी करणाऱ्या गोळ्या हे नीट करून झालेलं असावं. "नीट" म्हणजे दोन दिवस इसबगोल घेऊन सोडून देणं नव्हे.

टप्पा २: सगळ्या पट्ट्या एका पिशवीत

इथे लोक सर्वांत जास्त चुकतात, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

डॉक्टरांकडे जाताना घरात चालू असलेली तुमची सगळी औषधं एका पिशवीत घाला आणि पिशवी घेऊन जा. "बीपीची एक छोटी पांढरी आणि एक गुलाबी" यावरून कुणालाच काही कळत नाही. एकदा एक आजी अशी पिशवी घेऊन दुकानात आल्या. त्यात गुडघ्यासाठी ट्रामाडॉल होती, सर्दीची रोजची गोळी होती आणि दुसऱ्या दवाखान्यातून आणलेली "गॅसची" गोळी होती. तिन्ही गोष्टी त्यांनी डॉक्टरांना सांगितल्याच नव्हत्या, कारण डॉक्टरांनी "कुठला आजार आहे?" असं विचारलं होतं आणि गुडघेदुखी-सर्दी त्यांच्या लेखी आजार नव्हता.

त्या पिशवीतलं काय काय अडतं ते बघा:

- फ्लुऑक्सेटिन, पॅरॉक्सेटिनसारख्या नैराश्याच्या गोळ्या शरीरातली अ‍ॅमिट्रिप्टिलिनची पातळी वाढवतात. १० ची गोळी प्रत्यक्षात जास्त डोससारखी वागते.
- ट्रामाडॉल या वेदनाशामक गोळीबरोबर जास्त झोप, फिटचे झटके आणि सेरोटोनिन हे मेंदूतलं रसायन प्रमाणाबाहेर वाढण्याचा धोका असतो.
- सर्दीच्या गोळीतलं क्लोरफेनिरामिन कोरड आणि गुंगी दोन्ही वाढवतं. पावसाळ्यात सर्दी झाली की हे सांगायला हमखास विसरतात.
- मुरड्यासाठी क्लोरडायझेपॉक्साइड, क्लिडिनियम आणि डायसायक्लोमिन अशी तीन औषधं एकत्र असलेली गोळी आपल्याकडे फार चालते. तिच्यावर अ‍ॅमिट्रिप्टिलिन चढवली की कोरड, बद्धकोष्ठ आणि लघवीचा अडथळा आणखी वाढतो. यातल्या क्लोरडायझेपॉक्साइडची सवयही लागते, म्हणून बरीच वर्षं घेत असाल तर ती परस्पर एकदम बंद करू नका. डॉक्टरांना दाखवून टप्प्याटप्प्याने कमी करा.
- रोजची दारू. हे बायको सोबत असली तरी डॉक्टरांना खरं सांगा.

औषधांच्या जोडीला आजारही सांगायचे: हार्ट अ‍ॅटॅक येऊन गेला आहे का, ठोके अनियमित आहेत का, काचबिंदू आहे का, प्रोस्टेटमुळे लघवी अडते का, फिट येतात का, लिव्हरचा आजार आहे का, मूड अतिशय वर-खाली होण्याचा आजार कधी होता का, दिवस गेले आहेत का किंवा तसा विचार आहे का. वय जास्त असेल किंवा हृदयाची काही शंका असेल तर आधी ईसीजी काढून घेतात. तो काढायला सांगितला तर "पोटाला ईसीजी कशाला" म्हणून टाळू नका. या औषधाचा हृदयाच्या ठोक्यांशी थेट संबंध आहे.

तपासा: जीव नकोसा होण्याचे विचार कधी आले असतील तर तेही सांगायचं, पोटाच्या डॉक्टरांनासुद्धा. विशेषतः पंचविशीच्या आतल्या मुलामुलींच्या बाबतीत सुरुवातीच्या आठवड्यांत घरच्यांनी लक्ष ठेवावं.

टप्पा ३: गोळीआधीचे १४ दिवस वहीत

शाळेची साधी चौरेघी वहीही चालेल. रोज रात्री चार गोष्टी: दुखणं ० ते १० मध्ये किती, शौचाला किती वेळा, शौच कसं (खड्यांसारखं, नीट की पाण्यासारखं), आणि झोप किती. दोन मिनिटांचं काम.

याची गरज काय? ही गोळी दुखणं एका रात्रीत शून्यावर आणत नाही. सातवरून चारवर आणते. ज्याने सात लिहूनच ठेवलं नव्हतं, त्याला चारही "दुखतंच आहे" वाटतं आणि तो चांगली लागू पडत असलेली गोळी सोडतो.

टप्पा ४: पट्टी हातात घेतल्यावर

दुकानातून बाहेर पडण्याआधी पट्टीवरचा आकडा वाचा. १० आणि २५ अशा दोन्ही गोळ्या मिळतात आणि दोन्ही लहानच असतात. चिठ्ठीवर १० असेल आणि हातात २५ असेल, तर दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही अंथरुणातून उठणार नाही आणि गोळीला कायमचं नाव ठेवाल. दुसरं म्हणजे, पट्टीवर अ‍ॅमिट्रिप्टिलिनसोबत क्लोरडायझेपॉक्साइडचंही नाव छापलेलं आहे का बघा. ते मिश्रण वेगळं औषध आहे, बदली म्हणून घ्यायचं नाही. आम्हा दुकानदारांकडूनही गर्दीत चूक होऊ शकते, म्हणून निःसंकोच विचारा.

इशारा: ही पट्टी लहान मुलांच्या हाती लागता कामा नये. फ्रिजवर नाही, देव्हाऱ्याच्या कोनाड्यात नाही, कुलूपबंद कपाटात. या औषधाच्या थोड्याच जास्त गोळ्याही लहान मुलाच्या जिवावर बेततात. कुणी चुकून घेतलीच तर लक्षणांची वाट न बघता, पट्टी सोबत घेऊन थेट हॉस्पिटल गाठा.

टप्पा ५: पहिली गोळी

रात्री, झोपण्याच्या साधारण दोन तास आधी. दहाला झोपत असाल तर आठला. अगदी अंथरुणावर पडताना घेतली की गुंगी सकाळच्या चहापर्यंत उरते. जेवणाआधी-नंतरचं बंधन नाही, पण रोजची वेळ एकच ठेवा. जेवणानंतर ताटं उचलली की गोळी, असं एखाद्या कामाला बांधून टाकलं की विसर पडत नाही.

पहिली गोळी शुक्रवारी किंवा शनिवारी सुरू करावी असं मी सगळ्यांना सांगतो. दुसऱ्या दिवशी सकाळी लोकल पकडायची नसते, गाडी चालवायची नसते. पहिले तीन-चार दिवस सकाळी बाईकला हात लावण्याआधी स्वतःला विचारा, डोकं पूर्ण जागं आहे का? शंका असेल तर रिक्षा करा.

एकादशी, संकष्टी, श्रावणी सोमवार, उपवास कुठलाही असो, गोळी पाण्याबरोबर घ्यायचीच. मधूनच एक-दोन दिवस सोडणाऱ्यांच्या तोंडाची कोरड कमी होत नाही आणि फायदाही मिळत नाही. इसबगोल चालू असेल तर ते आणि गोळी यांत दोनेक तासांचं अंतर ठेवा.

रात्री विसरलात आणि सकाळी आठवलं? ती राहू द्या. सकाळी घेऊ नका, रात्री दोन घेऊ नका.

टप्पा ६: पहिले १५ दिवस, जिथे बहुतेक जण सोडतात

या काळात काय होईल ते आधीच सांगतो, म्हणजे घाबरायला होणार नाही.

*तोंडाची कोरड.* बऱ्याच जणांना होते. जीभ टाळ्याला चिकटते, भाकरी गिळताना पाणी लागतं. उपाय: थोडं थोडं पाणी, बडीशेप, एखादी लवंग. गोड गोळ्या चघळत बसू नका. लाळ कमी असताना दात पटकन किडतात.

*सकाळची सुस्ती.* चार-पाच दिवसांत बरीच कमी होते. नाही झाली तर गोळी तासभर आधी घ्या. आठला घेत होतात ती सातला.

*उठताना चक्कर.* रात्री लघवीला उठताना एकदम उभं राहू नका. कडेला बसा, पाय खाली सोडा, दहा आकडे मोजा, मग उठा. बीपीची गोळी चालू असलेल्यांनी आणि साठीच्या पुढच्यांनी तर नक्कीच. पडून खुबा मोडणं ही पोटदुखीपेक्षा फार मोठी गोष्ट आहे.

*बद्धकोष्ठ.* जुलाबवाल्यांना हे वरदानच वाटतं. ज्यांचं पोट मुळातच साफ होत नाही त्यांना मात्र त्रास वाढू शकतो. तीन दिवस शौच झालं नाही की डॉक्टरांना कळवायचं. स्वतःच्या मनाने सोनामुखीचं चूर्ण रोज सुरू करायचं नाही, कारण त्याने मुरडा येतो आणि मग गोळी लागू पडते की नाही हेच कळेनासं होतं.

*भूक आणि वजन.* काहींना रात्री गोड खावंसं वाटतं. दर रविवारी एकदा वजन बघा आणि वहीत लिहा.

हे त्रास सोसण्यासारखे असतील तर गोळी चालू ठेवून १५ दिवस वाट बघा. यांतले बरेचसे हळूहळू उतरतात.

इशारा, वाट बघत बसायचं नाही असं: लघवी अडणं, छातीत धडधड, बेशुद्ध पडणं, डोळा लाल होऊन दुखणं व दिवे वलयांकित दिसणं, गोंधळल्यासारखं बोलणं, अंगभर पुरळ. पुढची गोळी घेऊ नका आणि लगेच डॉक्टरांकडे जा.

टप्पा ७: डोस वाढवणं

१० वर दोन आठवडे झाले, त्रास सोसवतोय, पण दुखणं वहीत तितकंच दिसतंय, तर डॉक्टर २० करतात. पुन्हा एक-दोन आठवड्यांनी लागलं तर ३०. प्रत्येक वाढीनंतर कोरड आणि सुस्ती दोन-चार दिवस परत येते.

उलटंही खरं आहे. १० वरच दुखणं आटोक्यात असेल तर वाढवण्याची गरज नाही. २० ला सुस्ती झेपत नसेल तर १० वर परत येणं यात हार नाही.

इंग्लंडमध्ये झालेली एक मोठी चाचणी २०२३ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाली. साध्या उपायांनी बरं न वाटलेल्या ४६३ जणांना सहा महिने अ‍ॅमिट्रिप्टिलिन किंवा औषध नसलेली तशीच दिसणारी गोळी दिली होती. १० ते ३० च्या मध्ये किती घ्यायची, हे रुग्ण त्रास आणि फायदा बघून लिखित सूचनांनुसार स्वतः ठरवत होते. सहा महिन्यांनी बरं वाटल्याचं सांगणारे गोळीच्या गटात ६१ टक्के होते आणि दुसऱ्या गटात ४५ टक्के. चिंता-नैराश्याच्या मोजमापात मात्र दोन्ही गटांत फरक पडला नाही. म्हणजे फायदा मन शांत झाल्यामुळे नव्हता. पण हेही लक्षात घ्या, की गोळीच्या गटातल्या दहातल्या चौघांना बरं वाटलं नाही. सगळ्यांना लागू पडेल अशी आशा मी काउंटरवर कुणालाही लावत नाही.

नेहमीची चूक: "वाईट दिवस" आला म्हणून त्या रात्री दोन गोळ्या घेणं. ही डोकेदुखीची गोळी नाही. एका रात्रीच्या जादा गोळीने दुखणं कमी होत नाही, सकाळी फक्त झापड येते. मुरड्यासाठी वेगळी गोळी चालेल का ते डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा.

टप्पा ८: चार आठवडे आणि मग आठ-बारा

चार आठवड्यांनी वही घेऊन डॉक्टरांकडे जा. तेव्हा बोलायचं ते त्रास किती आणि डोस बरोबर आहे का, एवढंच. "लागू पडली की नाही" हा निर्णय आठ ते बारा आठवड्यांनी, झेपेल त्या डोसवर टिकून राहिल्यावर घ्यायचा.

पहिल्या १४ दिवसांची सरासरी आणि शेवटच्या १४ दिवसांची सरासरी शेजारी लिहा. दुखणं साधारण तिसऱ्या भागाने किंवा जास्त उतरलं असेल, किंवा रजा न घेता कामावर जाता येत असेल, लग्नात पंगतीला बसता येत असेल, तर गोळी काम करतेय. आकड्यांत काहीच हललं नसेल तर तीच गोळी वर्षभर ओढू नका.

बद्धकोष्ठाचा आयबीएस असणाऱ्यांसाठी डॉक्टर कधी त्याच गटातली नॉरट्रिप्टिलिन देतात, तिने कोरड आणि सुस्ती तुलनेने कमी होते. कधी दुसऱ्या गटातली गोळी निवडतात. ती बदलताना जुनी आणि नवी दोन्ही एकत्र घेण्याची चूक होते. "जुनी कधी थांबवू?" हे चिठ्ठीवर लिहून मागा.

टप्पा ९: लागू पडली, आता किती दिवस? आणि सोडायची कशी?

बरं वाटायला लागल्यावर साधारण सहा महिने ते वर्षभर चालू ठेवतात आणि मग कमी करून बघतात. मध्येच बरं वाटलं म्हणून गावाला जाताना पट्टी घरी विसरणं हे मुद्दाम न करताही घडतं. प्रवासाला निघताना पट्टी आठवणीने पिशवीत ठेवा. ऑपरेशन ठरलं किंवा दातांचा डॉक्टर भूल देणार असला तर ही गोळी चालू असल्याचं त्यांना आधी सांगा.

सोडताना ३० ची २०, दोन आठवडे. मग १०, दोन आठवडे. मग बंद. डॉक्टर यापेक्षा हळू सांगतील तर तसं. एकदम बंद केली की काहींना मळमळ, डोकेदुखी, उलटसुलट स्वप्नं, झोप उडणं असं होतं आणि त्याला "दुखणं परत आलं" समजलं जातं. कमी करतानाही वही चालू ठेवा. दोन-चार दिवसांची अस्वस्थता वेगळी आणि दोन आठवडे टिकणारी जुनी कळ वेगळी, हे वहीतच दिसतं.

जुनी कळ खरंच परतली तर डॉक्टरांच्या सल्ल्याने पुन्हा सुरू करता येते. मात्र मध्ये महिनाभर गोळी बंद असेल तर कपाटातली जुनी पट्टी काढून थेट ३० वर जाऊ नका. पुन्हा १० पासून, पुन्हा शुक्रवारी रात्री.